ड्रॉवरमधला बॅज

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या अंगाशी आलेला आहे.

गेल्या काही वर्षांत मोबाईल टॉवरच्या विरोधात माझ्याकडे बरीच निवेदनं आली. गल्लीतल्या पंचवीस-तीस जणांच्या सह्या, खाली 'प्रत माहितीसाठी', आणि मजकुरात ठरलेलं वाक्य : 'टॉवरच्या किरणोत्सर्गामुळे नागरिकांच्या आरोग्यास धोका'. मी बातम्या केल्या. निवेदन दिलं ही बातमीच असते. पण बावीस वर्षांच्या पत्रकारितेत एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या किरणांबद्दल माझ्याकडे आलेल्या निवेदनांची संख्या शून्य आहे.

बार्शी हे दवाखान्यांचं गाव. परंडा, भूम, वाशी, करमाळा, माढा, सगळीकडून पेशंट इथं येतात. सकाळी बसस्टँडवर उभं राहिलं की काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेली माणसं उतरताना दिसतात. त्या पाकिटात जे किरण वापरले गेले ते टॉवरच्या लहरींपेक्षा वेगळ्या जातीचे. टॉवरच्या लहरींमध्ये अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याएवढी ताकद नसते. एक्स-रे आणि गॅमा किरणांमध्ये असते. ते पेशीतल्या डीएनएचा धागा तोडू शकतात. बहुतेक वेळा शरीर तो धागा जोडून घेतं. कधी चुकीचा जोडलं जातं, आणि त्यातून पुढे दहा, वीस, तीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

म्हणजे ज्याची आपल्याला भीती वाटते त्यावर मोर्चे, आणि ज्याची खरी काळजी घ्यायची तिथं 'डॉक्टर, एकदा सीटी करूनच घ्या ना' असा आग्रह. सीटी लिहून दिली नाही तर डॉक्टरला काही कळत नाही, असं म्हणणारे नातेवाईक मी डोळ्यांनी पाहिलेत.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. उलट. किरणांचा धोका किती, कुणाला, कधी, हे आज बऱ्यापैकी माहीत आहे. ते कसं माहीत झालं, त्याची गोष्ट सांगायची आहे. कारण त्या गोष्टीतला एक दुवा आपल्या गावातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो.

अण्णांचे डोळे

आमच्या ओळखीतले एक एक्स-रे टेक्निशियन आहेत. नाव सांगत नाही, दवाखानाही सांगत नाही. अण्णा म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे. डार्करूममध्ये फिल्म धुवायच्या काळापासून ते या धंद्यात. जिल्ह्यात तीन-चार ठिकाणी नोकऱ्या झाल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका डोळ्याला मोतीबिंदू, दीड वर्षात दुसऱ्या. दोन्ही ऑपरेशनं झाली, आता व्यवस्थित दिसतं.

वहिनींनी मला एकदा विचारलं, "भाऊजी, हे मशीनमुळं झालं का हो? तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असतं."

प्रश्न अगदी बरोबर होता. डोळ्याचं भिंग किरणांना नाजूक असतं हे शास्त्राने मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ साली काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणली, ती याचसाठी. पण मोतीबिंदू मधुमेहानेही होतो, उन्हानेही होतो, नुसता वयानेही होतो. साधी एक्स-रे खोली चालवणाऱ्याला, तो भिंतीआड किंवा पडद्याआड उभा राहत असेल तर, फार किरण लागत नाहीत. पेशंटचा हात धरून उभा राहत असेल तर हिशेब बदलतो.

मग मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला आजवर किती डोस लागला, याचा कागद आहे?"

अण्णा हसले. "ओ पत्रकार, पहिली बारा वर्षं बॅज काय असतो हेच माहीत नव्हतं. नंतर मिळाला तर सायेब म्हणले ड्रॉवरमध्ये ठेव. जास्त आकडा आला तर चौकशी लागती."

हा बॅज म्हणजे टीएलडी बॅज. छातीवर लावायचा छोटा चौकोन. आत एका खास पावडरीच्या चकत्या असतात. किरण लागले की त्या चकत्या ऊर्जा धरून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात. त्यावरून डोस कळतो. दर तीन महिन्यांनी बॅज बदलून तपासणीला पाठवायचा. आपल्याकडे किरणांवर काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. यात निसर्गातून मिळणारे आणि स्वतःच्या तपासण्यांचे किरण धरत नाहीत.

ड्रॉवरमधल्या बॅजचा आकडा छान येतो. शून्याच्या आसपास. कागदावर अण्णा ठणठणीत. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. ते उत्तर आता जगातला कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही, कारण मोजलंच गेलं नाही. मालकावर आरोप करायला पुरावा नाही, आणि मालकाला निर्दोष म्हणायलाही नाही.

असेच बॅज, तीन लाख माणसांचे

फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांनी एक काम केलं. त्यांच्या अणुउद्योगातल्या कामगारांचे जुने बॅज-आकडे एकत्र केले. पार १९४४ सालापासूनचे. एकूण ३,०९,९३२ कामगार. कोण कधी वारलं आणि कशाने, हे त्या त्या देशाच्या मृत्युनोंदींशी जुळवलं. या कामाचं नाव 'इनवर्क्स', आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात मध्यभागी होती. २०२३ साली त्याचे नवे निष्कर्ष आले.

या कामगारांना सगळ्या नोकरीत मिळून लागलेला डोस सरासरी १८ मिलिग्रेच्या आत. (या किरणांच्या बाबतीत मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट साधारण सारखेच धरा.) तरीसुद्धा डोस जसा वाढतो तसा गाठीच्या कॅन्सरने मरण्याचा धोका वाढताना दिसला. १,००० मिलिग्रेमागे सुमारे ५२ टक्के. म्हणजे सरासरी कामगाराच्या बाबतीत हिशेब केला तर साधारण एक टक्का वाढ. धोका लहान, पण आहे.

आता विचार करा, हा एक टक्का एखाद्या कारखान्यात दिसला असता का? शंभर कामगारांत? हजारात? नाही दिसत. कॅन्सर तसाही कितीतरी जणांना होतो. त्या गर्दीत हा एक टक्का हरवून जातो. एकट्या देशालाही तो नीट पकडता आला नसता. तीन देशांनी वह्या एकमेकांना दाखवल्या म्हणून तो सापडला.

आणि त्या वह्या कशाच्या? कुणीतरी सकाळी कामावर येऊन छातीला बॅज लावला, आणि कुणीतरी तो आकडा प्रामाणिकपणे लिहून ठेवला, त्याच्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कामगाराला काय माहीत, आपल्या बॅजवरून उद्या बार्शीच्या एक्स-रे खोलीचे नियम ठरणार आहेत.

आईला विचारा

याच्याही आधीची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टर होत्या. १९५० च्या दशकात लहान मुलांमध्ये ब्लड कॅन्सर वाढताना दिसत होता आणि कारण कळत नव्हतं. बाईंनी ठरवलं की आयांना विचारायचं. १९५३ ते १९५५ या काळात दहा वर्षांच्या आत कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आया, आणि त्याच भागातल्या धडधाकट मुलांच्या आया. प्रश्नावली एकच. विचारायला जाणारे त्या त्या भागातले सरकारी आरोग्य अधिकारी, इंग्लंड आणि वेल्सभर.

उत्तरांत एक गोष्ट वर आली. मूल पोटात असताना ज्यांच्या पोटाचा एक्स-रे काढला होता, अशा आया कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या गटात जवळजवळ दुप्पट होत्या. १९५६ ला पहिला लेख, १९५८ ला सविस्तर.

लोकांनी लगेच मानलं का? अजिबात नाही. आयांची आठवण काय भरवशाची, असं म्हणाले. पुढे अमेरिकेत दवाखान्यांच्या मूळ नोंदी तपासल्या, तेव्हाही तेच दिसलं. तरी गरोदर बाईचा एक्स-रे काढायची सवय मोडायला वर्षं गेली. आज एक्स-रे खोलीबाहेर 'गरोदर असल्यास आधी सांगा' अशी पाटी असते ना, तिच्यामागे त्या आयांनी दिलेली उत्तरं आहेत.

तपासतात, पण औषध देत नाहीत

किरणांबद्दलची सगळ्यात मोठी माहिती आली ती हिरोशिमा आणि नागासाकीतून. अणुबाँब टाकल्यावर १९४७ साली अमेरिकेने तिथे तपासणी आयोग नेमला. पुढच्या वर्षी जपानची राष्ट्रीय आरोग्य संस्था त्यात आली. १९७५ पासून दोन्ही देश मिळून एक प्रतिष्ठान चालवतात, खर्चही दोघांचा. सुमारे १,२०,००० लोकांच्या आयुष्याचा मागोवा तिथे आजही चालू आहे. ब्लड कॅन्सर काही वर्षांत वाढला, गाठीचे कॅन्सर मात्र दहा वर्षांनंतर वाढू लागले. बाँब पडताना जे लहान होते त्यांना धोका जास्त. वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीतल्या सुमारे ७७,००० जणांत आनुवंशिक दोषांची वाढ अजून दिसलेली नाही. जगातले किरणांचे बहुतेक नियम याच माहितीवर उभे आहेत.

पण तिथल्या लोकांची एक तक्रार फार जुनी आहे. सुरुवातीच्या काळात आयोग लोकांना गाडीतून न्यायचा, अंग तपासायचा, रक्त काढायचा आणि परत सोडायचा. उपचार करायचा नाही. ज्यांनी बाँब टाकला तेच आता आम्हाला उंदरासारखं तपासतात, अशी भावना होती. २०१७ मध्ये संस्थेला सत्तर वर्षं झाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसते आकडे गोळा करणं पुरेसं नाही. ज्याचा आकडा घेतला, त्याला त्यातून काय मिळालं, हेही विचारलं पाहिजे.

आणि बार्शी

इथे आपल्या गावाबद्दल थोडा अभिमानाने बोलतो. नव्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक, पण भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्या बार्शीत सुरू झाली. मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि आपलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी मिळून. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतली ३४६ गावं.

शहरात कॅन्सर मोजायचा तर हॉस्पिटलचे कागद चाळले की झालं. खेड्यात पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हता. मग नोंदणीची माणसंच गावोगाव गेली. पारावर, शाळेत बसून लोकांना लक्षणं समजावली. अंगावरून जास्त जातं का, तोंडातली जखम बरी होत नाही का, असे प्रश्न विचारले. संशय आला त्याला तपासणीला आणलं. म्हणजे मोजणी आणि मदत एकाच फेरीत. हिरोशिमातल्या लोकांची जी तक्रार होती, तिचं उत्तर आपल्याकडच्या खेड्यांतल्या या पद्धतीत आहे, असं मी म्हणतो.

अशाच नोंदणीच्या जोरावर केरळमधल्या करुणागपल्लीत एक मोठं काम झालं. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाईट आहे, त्यात थोरियम. जमीनच किरण सोडते. जगात माणसाला निसर्गातून सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यात श्वासातून जाणारा वायू आणि अन्नपाणी सगळं आलं. करुणागपल्लीच्या किनारपट्टीवर नुसत्या घराबाहेरच्या जमिनीतूनच ४ मिलिग्रेच्या वर, काही जागी ७० पर्यंत. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्राने जपानी संशोधकांच्या साथीने १९९० च्या दशकात ३,८५,१०३ रहिवाशांची नोंद केली. घराघरात आणि अंगणात किरण मोजले. त्यातल्या ६९,९५८ जणांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेतला. १,३७९ जणांना कॅन्सर झाला, पण जास्त किरणांच्या घरात राहणाऱ्यांना तो जास्त झाला, असं दिसलं नाही.

आता गंमत बघा. टीव्हीवरच्या चर्चेत एक जण केरळचा अभ्यास फडकवतो आणि म्हणतो, किरणांनी काही होत नाही. दुसरा तीन देशांचा फडकवतो आणि म्हणतो, थेंबभर किरणही मारतात. दोघंही अर्धं सांगतात. केरळमध्ये धोका दिसला नाही याचा अर्थ धोका मोठा नाही. शून्य आहे असा अर्थ होत नाही, कारण लहान धोका दिसायला सत्तर हजार माणसं कमी पडू शकतात. आणि तीन लाख कामगारांत धोका दिसला तरी तो तंबाखूच्या जवळपासही जात नाही. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या प्रकल्पावर इतकी वर्षं भांडण चालू आहे. तिथेही माझं म्हणणं हेच. तुम्ही बाजूने असा नाहीतर विरोधात, गावागावांतल्या आजाराची आणि किरणांची नोंद भट्टी पेटायच्या आधीपासून, त्रयस्थ माणसांकडून आणि लोकांना बघता येईल अशी हवी. नंतर सुरू केलेल्या मोजणीवर कुणीच विश्वास ठेवत नाही.

आपल्या पोरांचं काय?

सगळ्यात जवळचा अभ्यास शेवटी ठेवला. युरोपातल्या नऊ देशांनी २७६ हॉस्पिटलांतल्या, बावीस वर्षांच्या आत सीटी स्कॅन झालेल्या ९,४८,१७४ मुलामुलींच्या नोंदी एकत्र केल्या. २०२३ साली निष्कर्ष आला. त्यांच्यातल्या ७९० जणांना पुढे रक्ताचा कॅन्सर झाला होता, आणि जितका डोस जास्त तितका धोका जास्त. संशोधकांचा हिशेब असा : आजच्या डोसने १०,००० मुलांची एकेक सीटी केली, तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एखाद-दुसऱ्याला त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होईल.

दहा हजारांत एक किंवा दोन. पोरगं गाडीवरून डोक्यावर पडलं, उलट्या करतंय, तर एक क्षणही विचार करू नका, सीटी करा. तिथे सीटी जीव वाचवते. पण महिन्याभराची साधी डोकेदुखी, आधीची सीटी नॉर्मल, आणि फक्त दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो म्हणून परत नवी सीटी? माझ्या नात्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीची अशीच सहा महिन्यांत तीनदा डोक्याची सीटी झाली. तीन गावं, तीन डॉक्टर. दुसऱ्याने पहिल्याची फिल्म मागितली नाही, आणि घरच्यांनी ती नेली नाही. पोरगी बरी आहे, चष्मा लागला आणि डोकेदुखी थांबली. बहुधा तिला कधीच काही होणार नाही. पण तिला लागलेल्या किरणांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. अण्णांसारखाच.

म्हणून पाच गोष्टी सांगतो. पैसे लागत नाहीत.

१. एक्स-रे, सीटीच्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नका. घरात प्रत्येकाची एक फाईल करा. नव्या डॉक्टरकडे जाताना न्या.

२. सीटी झाली की 'डोस रिपोर्ट पण द्या' म्हणा. मशीन तो स्वतःच तयार करतं. त्यावर 'डीएलपी' असा आकडा असतो. तो जपून ठेवा.

३. डॉक्टरना नम्रपणे विचारा : सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम भागेल का? त्या दोन्हींत असे किरण नसतात. भागत नसेल तर सीटीला नाही म्हणू नका. आणि स्वतःहून सीटीचा हट्टही धरू नका.

४. बाई गरोदर असेल किंवा शंका असेल तर एक्स-रे खोलीत जायच्या आधी सांगा. लाजू नका. आणि पेशंटला धरायला गरज नसताना आत थांबू नका. थांबावंच लागलं तर लेड ॲप्रन मागा.

५. एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती दाखवा, असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टर मंडळींना वेगळी विनंती. तुमच्यातले बरेच जण नियम पाळतात, मला माहीत आहे. जे पाळत नसतील त्यांनी उद्या सकाळी एवढंच करावं. टेक्निशियनचा बॅज ड्रॉवरमधून काढून त्याच्या छातीवर लावायला सांगावा. आकडा जास्त आला तर चौकशी होईल, बरोबर. चौकशीत कळेल की भिंत पातळ आहे का, दरवाजा उघडा राहतो का, माणूस कमी आहे म्हणून एकच जण पेशंट धरतो का. ते दुरुस्त करायला खर्च येईल. पण त्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा तो स्वस्त आहे.

आणि टेक्निशियन भावांनो आणि बहिणींनो, तुमच्यासाठी : बॅज तुमचा आहे, मालकाचा नाही. तुमच्या डोसचा कागद दरवर्षी मागून घ्या आणि घरी ठेवा. नोकरी बदलली तरी तो तुमच्याबरोबर जायला पाहिजे. उद्या तुमच्या घरातल्या कुणी विचारलं, हे मशीनमुळं झालं का, तर उत्तर द्यायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

ही पोस्ट कुणा एका दवाखान्याच्या विरोधात नाही, त्यामुळे कमेंटमध्ये कुणाचं नाव घेऊ नका, मी ती कमेंट काढून टाकीन. स्वतःचा अनुभव मात्र जरूर लिहा. एक्स-रे, सीटी खोलीत काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना ही पोस्ट पाठवा. बॅज कुठे आहे तेवढं विचारा.